चूल क्रमांक चार

मी आयुष्यात पहिला समुद्र पाहिला तो चुन्याच्या फक्कीने आखलेला. मार्च लागला होता. शाळेच्या मैदानावर हातझाडे सरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ ओढली, तिच्या पलीकडे निळी नायलॉनची दोरी अंथरली आणि शिट्टी वाजवून जाहीर केलं, "हा समुद्र. याच्या पुढे कोणीही जायचं नाही." चोवीस मुलंमुली त्या दोरीकडे बघत सावधान उभी राहिली. तेवढ्यात कुणाची तरी शेळी आली आणि समुद्र ओलांडून पलीकडच्या बाभळीकडे निघून गेली. पोरं फिदीफिदी हसली. सरांनी शेळीवरही शिट्टी वाजवली.

हातझाडे सर आमच्या शाळेत भूगोल शिकवत आणि स्काऊट-गाईडचं पथक चालवत. सानगडीहून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावाला मोठा तलाव आहे, आणि त्याच्या पाळीवर उभं राहून "हा आमच्या बापजाद्यांनी बांधला" असं सांगणारी काही घरं आहेत. सर त्यांपैकी एका घरातले. "पाण्याचं आम्हाले कोणी शिकवू नये," असं ते म्हणत. फळ्यावर कोकणचा किनारा काढून काढून त्यांचा हात इतका बसला होता की ते मुलांकडे तोंड करून, फळ्याकडे न बघता तो काढत. प्रत्यक्ष समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. निवृत्तीच्या आधी पथकाला समुद्रावर उन्हाळी शिबिराला न्यायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना नोकरीत करायची राहिली होती, आणि त्या वर्षी तिला मंजुरी आली.

मुलींबरोबर बाई हवी असा नियम असतो. शाळेतल्या दोन्ही मॅडमनी ऊन आणि गुडघे ही कारणं पुढे केली. मग सरांना मी आठवले. मी याच पथकात वाढलेली, आता साकोलीला कॉलेजात शिकणारी. म्हणून मला हे सगळं जवळून बघायला मिळालं.

सरांच्या गळ्यात शिट्टी असे आणि उजव्या पायाच्या मोज्यात सहा इंची फूटपट्टी. शिट्टी त्यांना बोलण्याआधी लागे. घरी चहा हवा असला तरी ते शिट्टी वाजवतात असं काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत. हे सांगताना त्यांना हसू येत नसे. सरांची मराठीही दोन प्रकारची होती. शिट्टी वाजल्यावर छापील निघे, "सर्वांनी आपापली जागा ग्रहण करावी", आणि शिट्टी खाली सोडली की, "काहून बे, पाय धुतले नाही काय?" फूटपट्टी खोडण्यासाठी होती. लिहिलेला शब्द चुकला तर हाताने खोडणं त्यांना गबाळेपणा वाटे. मोज्यातून पट्टी काढायची, शब्दाच्या मधोमध ठेवायची, एक सरळ रेघ मारायची, पट्टी पुन्हा मोज्यात. आमच्या वह्याही ते तशाच तपासत. त्यांनी खोडलेली चूक माझ्या बरोबर उत्तरापेक्षा सुबक दिसे.

आणि त्यांची नियोजन वही. जाड पुठ्ठ्याची, लाल समासाची. तंबू म्हणजे त्रिकोण, चूल म्हणजे गोल, मुलगा म्हणजे टिंब, मुलगी म्हणजे फुली. "नियोजन झालं म्हणजे अर्धं शिबीर झालं," असं ते म्हणत. उरलेलं अर्धंही वहीतच व्हावं अशी त्यांची मनातून इच्छा असावी.

गाठी त्यांना बत्तीस प्रकारच्या येत. एकदा शाळेमागच्या विहिरीत वासरू पडलं. लोकांनी सरांना बोलावलं. गावात दोरीचा जाणकार म्हणून त्यांचंच नाव होतं. सर आले, विहिरीच्या काठावर बसले आणि प्राण्याला उचलण्यासाठी कोणती गाठ योग्य हे त्यांनी आम्हाला समजावून सांगायला सुरुवात केली. एकीने छातीवर ताण येतो, दुसरी ओल्या दोरात घसरते. तिसऱ्या गाठीपर्यंत पोचले तोवर वासराच्या मालकाने खाली उतरून साधी गाठ मारली होती आणि चौघांनी ते वर ओढलंही होतं. सरांनी ती गाठ वाकून पाहिली. म्हणाले, "ही पुस्तकात नाही."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. गावागावांत असे मास्तर असतात. पण सरांचा एक लाडका शब्द होता, आणि मला चीड आहे ती त्या शब्दाची. तो शब्द 'कमी'. ऊन कसं आहे, सर? "कमी होऊन राहिलं." पाळीवरची भांडणं? "कमी झाली आता." कुणी जातीपातीचं काढलं की शिट्टी हातात धरून, डोळे बारीक करून म्हणत, "पहिल्यासारखं आहे काय आता? कमी होऊन राहिलं ना. तलावाचं पाणी पहा. उन्हाळ्यात कोणी उपसते काय? आपोआप मागं सरते. घाई कायले करायची?" माझ्या आजोबांच्या पिढीने धम्म घेतला. माझे बाबा आजही मोटरसायकलच्या पिशवीत पत्रकं घेऊन फिरतात, आणि मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. आपोआप मागं सरणारं पाणी आमच्या वस्तीत कुणाच्या पाहण्यात नव्हतं. तरी शाळेत असताना मी सरांचं ऐकून मान डोलवत होते, कारण मी ध्वज संघाची प्रमुख होते.

ध्वज संघ म्हणजे पथकातला मान. बाकीचे संघ चुली पेटवत, भांडी घासत, भाजी चिरत; ध्वज संघ मात्र पहाटे उठून कडक इस्त्रीत ध्वज चढवी आणि संध्याकाळी उतरवी. सर म्हणत, "ध्वज धरायले निवडक हात लागतात." दोन वर्षं मी निवडक हात होते. घरी येऊन आईला सलामी करून दाखवत असे.

त्या मार्चमध्ये सरांनी मला जुन्या नियोजन वह्या दिल्या. त्यांतली वाटणी बघून नवीन तक्ता स्वच्छ अक्षरात लिही, म्हणाले. मी लिहायला बसले. ध्वज संघ: रामटेके, मेश्राम, गजभिये, रंगारी. त्याच्या आधीच्या वर्षी: मेश्राम, रामटेके, खोब्रागडे. त्याच्याही आधी तेच, सगळी आमच्याच वस्तीतली नावं. कुठल्याच वर्षी या नावांतलं एकही नाव चुलीपाशी नव्हतं. कणकेला नाही, पाण्याच्या पिंपाला नाही, वाढप्यांत तर नाहीच. माझं नाव दोन वर्षं, सुबक अक्षरात, खाली फूटपट्टीने रेघ मारून: ध्वज.

कुणालाही वाईट न बोलता, कुणालाही न दुखवता, सलामी देऊन चुलीपासून दूर ठेवायची ही युक्ती एका साध्या मास्तराने एकट्याने शोधून काढली होती आणि वर्षानुवर्षं वापरली होती. शिवी दिली असती तर आमच्या आयांनी त्याच दिवशी शाळेत येऊन जाब विचारला असता. मान दिल्यामुळे आम्ही टाळ्या वाजवल्या.

मी वही मिटून त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते जुळवत होते, पण माझ्याआधी तिथे प्रज्ञा उभी होती.

प्रज्ञा रामटेके नववीत होती. बारीक, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिची आई धानाच्या रोवणीला जायची, त्यामुळे घरचा स्वयंपाक ती तिसरीपासून करत होती. तिला बिल्ला हवा होता. स्काऊटमध्ये निरनिराळ्या कौशल्यांचे कापडी बिल्ले असतात, बाहीवर शिवायचे. त्यांतला एक स्वयंपाकाचा. तो मिळाल्याशिवाय तिला वरच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि आमच्या वस्तीतल्या एकाही मुलीला तो कधी मिळालेला नव्हता.

"सर, मले स्वयंपाकात टाका."

"तुले तर ध्वज दिला आहे बेटा. प्रमुख केलं तुले."

"ध्वज दुसऱ्याले द्या जी. मले बिल्ल्याची परीक्षा द्याची आहे."

सरांनी ड्रॉवरमधून परीक्षेचा कागद काढला. छापील कागद. चार रकाने: शिजणे, चव, मीठ-तिखट, स्वच्छता. त्याखाली परीक्षकाच्या सहीच्या वर एक ओळ: 'मी हे अन्न स्वतः खाऊन पाहिले आहे.' परीक्षक म्हणजे पथकप्रमुख, म्हणजे हातझाडे सर. त्या ओळीवर त्यांची नजर किती वेळ होती ते मी पाहिलं. प्रज्ञानेही पाहिलं.

"होईल," ते म्हणाले. "नियोजनात बसवतो."

मग नियोजन सुरू झालं. एप्रिलच्या सुरुवातीला तलावाच्या पाळीखाली सराव शिबीर झालं. प्रज्ञाने चुलीवर भात केला आणि वांग्याची भाजी. मी जेवले. भाजी तिखट होती आणि फार चांगली होती. ती झाकलेलं ताट घेऊन सरांपुढे गेली.

"आज माझा उपवास आहे, बेटा."

"सर, आज बुधवार आहे."

"बुधवारचाच आहे."

ती ताट घेऊन तशीच परत आली. तासाभराने मी पाण्याला गेले तेव्हा सर पाळीच्या आडोशाला डबा उघडून पुऱ्या खात होते. शाळा समितीच्या अध्यक्षांच्या घरून आलेला डबा होता. मला पाहून त्यांनी झाकण लावलं नाही, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. फक्त म्हणाले, "समुद्रावर खाईन. नक्की. नियोजनात घेतलं आहे."

अध्यक्ष दुसऱ्या दिवशी शाळेत आले. त्यांची मुलगी गौरी प्रज्ञाच्याच वर्गात होती, आणि दोघी मधल्या सुट्टीत एकाच चिंचेचे दोन तुकडे करत. अध्यक्षांना बहुतेक ते माहीत नव्हतं.

"सर, ऐकून राहिलो का यंदा स्वयंपाकात बदल केला म्हणून?"

"तसं काही नाही, अध्यक्षसाहेब. परीक्षेपुरतं."

"नाही, आमचं काही म्हणणं नाही. सगळी पोरं सारखीच. पण आमच्या गौरीले कोणाच्याही हातचं पचत नाही. नाजूक आहे पोट. बाकीच्या मायबापांचंही तेच आहे म्हणते. आठ-दहा पोरं गळली तर तुमचं शिबीरच रद्द होते, तुमच्याच भल्याचं सांगून राहिलो." आणि जाताना, "यंदा निवृत्ती ना तुमची?"

मी तिथेच तक्ता लिहीत बसले होते. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलं, किती सभ्यपणे बोलले? पहिले असे लोक आवाज चढवत. कमी झालं ना?"

"पोट नाजूक झालं, सर. बाकी काय कमी झालं?" मी विचारलं. त्यांनी शिट्टी वाजवली. खोलीत आम्ही दोघंच होतो.

त्या आठवड्यात त्यांनी जो आराखडा काढला तो मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. तंबू वर, सुरूच्या झाडांत. चुली खाली, वाळूवर, पाण्याच्या दिशेने एका सरळ रेषेत. एक, दोन, तीन, चार. झाडांखाली आग नको आणि विझवायला पाणी हाताशी हवं, हे त्याचं कारण. चौथी चूल सर्वांत टोकाला, पाण्याजवळ, बाकीच्यांपासून पंधरा पावलं लांब: प्रज्ञा आणि तिचा संघ, परीक्षा, पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण. पहिलाच दिवस का? तर पोरं प्रवासाने दमलेली असतील, कोण कुठे काय शिजवतंय तिकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. मिठाचा डबा एकच. तो एक नंबरवरून दोनवर, दोनवरून तीनवर आणि शेवटी चारवर जायचा. चारवरून परत यायचा नाही. हे वाक्य वहीत नव्हतं. बाणाची दिशा होती. सरांचे बाण फार नेमके असत.

प्रज्ञाने आराखडा पाहिला. चौथ्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "सर, समुद्राले भरती येते ना? चूल बुडन."

"भूगोल कोण शिकवते तुले?"

"तुम्हीच शिकवता जी."

"मग? मोठी भरती पौर्णिमा-अमावस्येले. आपण पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी चाललो. कॅलेंडर पाहून तारीख काढली मी. आणि मे महिना आहे. मे महिन्यात पाणी मागं सरते का पुढं येते? आपला तलाव पहा."

खिडकीतून तलाव दिसत होता. पाणी अर्ध्यावर गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी काकड्या लावल्या होत्या. त्यापुढे वाद घालणं कठीण होतं.

वरठी स्टेशनवरून गाडी, पुढे दुसरी गाडी, मग एसटी, असा दीड दिवसाचा प्रवास करून आम्ही सकाळी नऊच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचलो. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि तो समोर होता. पोरं ओरडत पळाली. सरांनी शिट्टी ओठांशी नेली आणि वाजवली नाही. बराच वेळ ते तसेच उभे होते, शिट्टी ओठांत धरून. तेवढं मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. मग म्हणाले, "आपल्या तलावापेक्षा मोठा आहे."

पाणी फार लांब होतं. मधली वाळू ओली, घट्ट, सपाट, रोलर फिरवल्यासारखी. सर तिच्यावर पाय आपटून खूश झाले. वही उघडून, पावलं मोजून, त्यांनी चार ठिकाणी तीन-तीन विटा मांडून घेतल्या. बाजूला एक बाई जाळ्यावर मासळी वाळत घालत होती. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अहो मास्तर, चुली वर घ्या. दुपारी पाणी इथवर येतं."

सर हसले. "बाई, मे महिना आहे. मे महिन्यात पाणी वाढते काय?"

बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठले गं मास्तर?"

"भंडाऱ्याचे."

"तरीच," ती म्हणाली आणि मासळीकडे वळली.

प्रज्ञाने आपल्या तीन विटा उचलल्या. दोन तिने घेतल्या, एक माझ्या हातात दिली. "ताई, मी चूल वर नेऊन राहिली."

"चार नंबर तिथं आहे!" सर ओरडले. "नियोजनात तिथं आहे!"

"नियोजनात आहे जी. पण खिचडी माझी आहे."

वर, झाडांच्या अलीकडे, कोरड्या वाळूत खड्डा करून तिने चूल मांडली. तिच्या संघाच्या पोरींनी गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवलं. खाली तीन चुलींवर वरण-भाताची तयारी. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मिठाचा डबा एक नंबरवर होता. मग दोनवर गेला. डाळ, तांदूळ, हळद घालून प्रज्ञा मिठाची वाट बघत बसली.

साडेबाराला पहिली लाट तीन नंबरच्या चुलीला शिवून गेली. राख फुस्स करून विझली. पोरांना गंमत वाटली. दुसरी लाट चुलीवरून गेली. मग सगळं भराभर झालं. भाताचं गंज उचलायला कुणी धावलं तोवर ते कलंडलं होतं. वरणाचं पातेलं सरळ उभं राहून, डोलत, थोडं अंतर तरंगत गेलं. मिठाचा डबा, भाजीची टोपली, पळ्या, पाट. पोरांनी हाताला लागेल ते घेऊन वर धूम ठोकली. आणि सर? सर गुडघाभर पाण्यात उभे राहून शिट्टी वाजवत होते. लांब, दोन छोट्या, पुन्हा लांब. ही 'जिथे असाल तिथे थांबा' अशी खूण आहे. पोरं झाडांत पोचली होती. थांबायला समोर फक्त समुद्र होता.

मासळीवाली बाई पोट धरून हसत होती.

शिजलेलं असं एकच गंज उरलं होतं. चोवीस पोरं, सकाळपासून उपाशी, प्रज्ञाच्या चुलीभोवती गोळा झाली. कुणी कुणाचा संघ विचारला नाही. ज्याच्या हाती ताट नव्हतं त्याने झाकण पुढे केलं. प्रज्ञाने पळीने ओंजळ-ओंजळ वाढलं. गौरी पहिल्या घासाला थांबली.

"मीठ कुठी आहे वं?"

"समुद्रात गेलं."

"काहून? त्याले कमी होतं काय?"

पोरं खिदळली आणि खात राहिली. नाजूक पोटाच्या गौरीने दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. अळणी खिचडी मी त्याआधी आजारपणात खाल्ली होती. इतक्या आवाजात कधी खाल्ली नव्हती.

सर सर्वांत शेवटी वर आले. पँट पोटऱ्यांना चिकटलेली, वही छातीशी कोरडी ठेवलेली. प्रज्ञाने त्यांचं ताट बाजूला झाकून ठेवलं होतं. ते ताटाकडे गेले नाहीत. एका पेटीवर बसले, परीक्षेचा कागद काढला, मोज्यातली ओली पट्टी पुसून ओळीखाली ठेवली आणि एकाग्रतेने भरू लागले. मग उभे राहून त्यांनी शिट्टी वाजवली.

"आपत्तीच्या प्रसंगी धैर्य दाखविल्याबद्दल कुमारी प्रज्ञा हिचे अभिनंदन. ती स्वयंपाकाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली आहे. टाळी!"

गौरीने प्रज्ञाच्या खांद्यावरून कागद मोठ्याने वाचायला घेतला. "शिजणे, उत्तम. चव, उत्तम. मीठ-तिखट, योग्य प्रमाणात."

टाळी सुरूच झाली नाही. एक हसलं, दुसरं हसलं, मग सगळीच. प्रज्ञा हसली नाही. तिने कागद घडी न घालता सरांना परत दिला.

"सर, याच्यात मीठ नव्हतं."

सरांनी कागदाकडे पाहिलं. तिथे त्यांच्या सहीच्या वर ती छापील ओळ होती: मी हे अन्न स्वतः खाऊन पाहिले आहे.

"ताईजवळ कोरा कागद आहे," प्रज्ञा म्हणाली. "तुमचं ताट झाकून ठेवलं आहे. आधी जेवा जी, मंग लिहा." आणि आम्हा सगळ्यांना म्हणाली, "चला वं, पाण्यात."

मी पेटीवर कोरा कागद ठेवला आणि पोरींच्या मागे गेले. पाण्यातून वळून पाहिलं तर झाडांखाली सर एकटे होते. ताटावरचं झाकण अजून तसंच होतं, आणि ते आधी डावीकडे, मग उजवीकडे बघत होते.

संध्याकाळी ते ताट वाळूने घासलेलं, धुतलेलं, जागेवर पालथं मिळालं. सर जेवले की खिचडी कावळ्यांनी खाल्ली, यावर पुढचे चार दिवस पोरांत वाद चालला. कागद सरांनी दाखवला नाही. "वरठीला देईन," म्हणाले. शिबीर वहीप्रमाणे पार पडलं. फक्त चुली चारही वर होत्या, आणि मिठाचा डबा कुणाच्या हातून कुणाकडे जातोय हे कोणी पाहत नव्हतं.

वरठीला उतरलो तेव्हा सकाळ होती आणि फलाटावर आईबाप उभे होते. सरांनी प्रज्ञाला बोलावून कागद दिला. मी तिच्याबरोबर होते. शिजणे: चांगले. चव: चांगली. मीठ-तिखट: मीठ कमी.

मला त्या क्षणी त्यांची किळस आली. माणसासमोर दोनच गोष्टी होत्या, खाल्लं म्हणायचं की नाही खाल्लं म्हणायचं, आणि तिथेही यांनी आपला तोच शब्द काढला होता.

"सर, कमी नव्हतं," प्रज्ञा म्हणाली. "नव्हतंच."

"तेच ते, बेटा."

"तेच ते कसं होईल जी? कमी म्हणजे थोडं होतं. तुम्ही जेवले असते तर कमी लिहिलं नसतं."

"जेवलो ना." हे ते इतक्या हळू बोलले की मला त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं. दहा पावलांवर अध्यक्ष उभे होते, गौरीची बॅग खांद्यावर घेऊन.

"जेवले ना? मंग नव्हतं लिहा." तिने कागद त्यांच्या वहीवर ठेवला. "नाही जेवले तर सही खोडा. बिल्ला नाही भेटला तर नाही भेटला."

"काय सर," अध्यक्षांनी तिथूनच विचारलं, "जेवणाखाण्याचं कसं काय होतं? आमच्या गौरीचे हाल तर नाही झाले?"

उत्तर गौरीने दिलं. "बाबा, पहिल्याच दिवशी प्रज्ञाच्या हातची खिचडी खाल्ली. दोनदा. मीठच नव्हतं, सर्वायनं खाल्ली." आणि सरांकडे वळून, अगदी सहज, "सरांनीही खाल्ली ना, सर?"

अध्यक्ष बॅग खाली ठेवून सरांकडे आले. बाबांनी फलाटाबाहेरून मोटरसायकलचा हॉर्न दिला. प्रज्ञा आमच्याच गाडीवर येणार होती. ती निघाली, मागे न बघता; मी मात्र पाहिलं. सर बाकावर बसले होते, वही मांडीवर, कागद वहीवर. अध्यक्ष त्यांच्या डोक्यावर उभे राहून काहीतरी बोलत होते. सरांनी वर पाहिलं नाही. त्यांनी वाकून मोज्यातून फूटपट्टी काढली, दोन अक्षरांच्या एका शब्दाच्या मधोमध ती ठेवली आणि पेनचं टोपण दातांनी ओढलं.